नायचाचा

विमा विकणारा माणूस दारात आला की आधी गोड बोलतो, मग फायदे सांगतो, मग पेन पुढं करतो. आमचे चाचा आले की ओट्यावर मांडी घालायचे, रेक्झिनच्या पिशवीतून शंभर पानी वही काढायचे आणि काय काय मिळणार नाही ते वाचायला लागायचे. "म्हातारपणानं गेली, तर नाय. लस टोचली न्हाई आन् त्याच रोगानं गेली, तर नाय. कानातला बिल्ला हरवला, तर नाय." दर 'नाय'ला मान एकदा डावीकडे जायची. पेठ-मंचरच्या पट्ट्यात त्यांचं कागदावरचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पोरंसोरं, म्हातारे, जनावरांचे डॉक्टरसुद्धा त्यांना नायचाचा म्हणायचे आणि चाचा त्या नावाला बिनतक्रार ओ द्यायचे.

चाचा जुन्नरचे. आठवड्यातून दोनदा तिकडून जुन्या स्कूटरवर आमच्याकडे उतरायचे. गाई-म्हशींचे विमे हा त्यांचा मूळ धंदा. कानात बिल्ला ठोकायची पक्कड पिशवीत असायचीच, आणि तो ठोकताना गाईच्या कानाशी ते काहीतरी पुटपुटायचे, त्यानं गाय हलायची नाही. कंपनीचा कागद सगळा इंग्रजीत आणि चाचा सातवी पास. तर हा माणूस जुन्नरमधल्या एका निवृत्त मास्तरांकडे महिनाभर जाऊन बसला, एकेक ओळ मराठीत करून घेतली आणि वहीत उतरवली. खाली शेरे स्वतःचे. आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, याच्याखाली लिहिलं होतं, 'लग्नाआधीचं दुखणं सासरच्यांनी का निस्तरायचं?' विमा काढल्यावर पहिले काही दिवस आजारपण धरत नाहीत, ते कलम आलं की गोठ्याकडे बोट करून म्हणायचे, "तेवढे दिस आजारी पडायचं न्हाई, असं तिला सांगून ठेवा." मी नवी नवरी होते, पदर तोंडाला लावून हसायचे. सासरी आल्यावर मोकळं हसू यायला लागलं ते पहिल्यांदा चाचांच्या वहीमुळे.

खोटं बोलून विमा खपवणं त्यांना जमायचंच नाही. शेजारच्या वाडीतल्या एका गाडामालकानं शर्यतीच्या बैलाचा विमा काढायला त्यांना मोठ्या मानानं बोलावलं होतं. चाचांनी वही उघडली. "शर्यतीच्या घाटात पळताना काय झालं, तर नाय." मालक म्हणाला, "मंग माझा बैल पळतो कुठं, देवळात?" चाचा शांतपणे म्हणाले, "गोठ्यात वीज पडली तर मिळंल." मालक भडकला. "माझ्या गोठ्यावर वीज पाडताय व्हय? उठा!" चाचा उठले, चहा मात्र पिऊन उठले. तो विमा पुढं दुसऱ्या कुणीतरी गोड बोलून काढला. बैल घाटात पाय मोडून बसला तेव्हा मालकाला चाचा आठवले, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

पुढं कुत्र्यामांजरांचेही विमे निघायला लागले आणि चाचांच्या वहीत नवी पानं वाढली. लोक हसायचे. कुत्र्याचा विमा म्हणजे आता उंदराचं रेशनकार्ड, असं माझे सासरे, आबा, म्हणाले होते. अवसरीच्या कॉलेजातल्या एका मुलानं खोलीवर मांजर पाळलं होतं, केसाळ, महागातलं. त्याला विमा हवा होता. चाचांनी मांजराकडे बघितलं, ते पाणी फार पितं हे हेरलं आणि विचारलं, "हिला आधीचं दुखणं हाय, व्हय ना?" मुलगा म्हणाला, "फॉर्मवर नाही लिहायचं, चाचा. कुणाला कळतंय?" चाचांनी फॉर्म परत पिशवीत घातला आणि मांजर टोपलीत घालून त्या मुलाला मागं बसवून डॉक्टरकडे नेलं. विमा झाला नाही, चाचांचा दिवस गेला. "आधी लस, मंग डॉक्टर, मंग लई मागनं म्या," असा त्यांचा क्रम होता. आमच्या वाडीतल्या निम्म्या कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली ती या माणसाच्या मागं लागण्यानं.

आमच्याकडे ब्रूनो आला तो माझ्या नवऱ्यामुळे. चाकणच्या कंपनीतल्या कुणा साहेबाकडचं जर्मन शेफर्डचं पिल्लू तो शर्टात घालून घेऊन आला. आबा आठ दिवस कुत्र्याशी आणि मुलाशी दोघांशीही बोलले नाहीत. नंतर त्यांचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, पण चालायची भीती बसली. त्या दिवसांत ब्रूनो त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून चालायला लागला. कुणी शिकवलं नव्हतं. आबा एक हात काठीवर आणि एक त्याच्या पाठीवर ठेवून हायवेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचे. "बुरन्या, दमानं," असं त्याला दरडावायचे, आणि दमलेले असायचे स्वतःच. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचे. आबांचे पाय म्हणजे तो कुत्रा होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

ब्रूनोचा चाचांवर फार जीव. स्कूटरचा आवाज आला की फाटकाशी. चाचा दोन्ही हात वर धरून उभे राहायचे. "अरं बाबा, मला नमाजाला उभं ऱ्हायचंय, चाटू नको." तो चाटायचा नाही. मात्र चाचांनी चपला काढल्या की त्यांच्यावर बूड टेकून बसायचा, ते निघेपर्यंत. मग चाचा नळावर हातपाय धुवायचे, चपला धुवायचे आणि ओल्या चपला घालून जायचे. रागावले मात्र कधीच नाहीत.

आता ते सांगते, जे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ब्रूनोचा विमा माझ्या नावावर काढायचं ठरलं, कारण नवरा शिफ्टला आणि घरात बीकॉम झालेली मी एकटी. चाचा आले तेव्हा आमच्या कांद्याची काढणी चालू होती. रानात दहा बाया, त्यांच्या भाकरी माझ्या अंगावर, चुलीवर पिठलं, गॅसवर चहा. चाचांनी ओट्यावर वही उघडली. म्हातारपणाचं झालं, लसीचं झालं, आधीच्या दुखण्याचं झालं. मी आत-बाहेर करत होते. चौथ्या की पाचव्या कलमाला मी म्हटलं, "चाचा, राहू द्या ना ते. तुम्ही काय परके आहात का? सही कुठं करू तेवढं सांगा."

"सूनबाई, दोन मिंटं. म्होरलं जरा कामाचं हाय."

"पुढच्या वेळी वाचा. माझं पिठलं करपतंय."

त्यांनी वही मिटली. पानात बोट तसंच होतं. मी सही केली, मग त्यांनी ते बोट काढून घेतलं. माझं पिठलं करपलं नाही.

आमच्याकडे सावड असते. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. माणसांची तशीच, आणि कुत्र्यांचीही. कुणाची कांद्याची बराख, म्हणजे साठवणीची चाळ, भरली आणि राखणीला कुत्रं नसेल, तर भावकीतलं कुत्रं नेऊन बांधायचं. यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. माझं माहेर ओझरच्या अलीकडे, नदीकाठच्या उसात. त्या साली माझ्या भावाच्या बराखीतून कांदा चोरीला जायला लागला. त्यानं फोन केला, "ताई, पंधरा दिवस तुमचा कुत्रा दे." आबा तेव्हा लग्नाला गेले होते. मी भावाच्या पिकअपमध्ये ब्रूनोला चढवला. तो चढेना. मीच ढकललं.

अकराव्या दिवशी पहाटे भावाचा फोन आला. "ताई, वाघानं धरलं." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसातून आला होता. ब्रूनो साखळीला होता. साखळीला बांधलेलं जनावर कुठं पळणार? तरी तो भांडला. भाऊ बॅटरी घेऊन धावला तेव्हा बिबट्यानं सोडलं, पण मान आणि मागचा पाय फाटला होता.

मंचरच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि पुण्याला हलवायला सांगितलं. आपला विमा आहे, मंजुरी घेऊन मोठ्या दवाखान्यात नेऊ, असं नवऱ्याला वाटलं, मलाही वाटलं. चाचांना फोन करावा हे मनात येऊन गेलं. पण मोबाइलवर सगळं भरता येत होतं आणि मी शिकलेली. मी भरलं. तीन दिवस वाट बघितली. ब्रूनो गोठ्याजवळच्या पोत्यावर पडून असायचा, आबा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून. चौथ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. फार गोड आवाज. तिनं विचारलं, कुत्रा कुठं होता? मी म्हटलं, भावाकडे, ओझरला. कशासाठी? राखणीसाठी. तिनं आभार मानले. संध्याकाळपर्यंत नकार आला. राखणीच्या किंवा इतर कामासाठी दिलेलं, नोंदवलेल्या पत्त्याबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात असलेलं जनावर विम्यात बसत नाही. पत्र्याच्या पेटीतून मी कागद काढला. कलम होतं. माझी सही खाली होती.

त्याच संध्याकाळी गाडी करून त्याला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

चाचांना बाहेरून कळलं. ते आले तेव्हा आबा ओट्यावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. चाचा बसले नाहीत.

"चाचा, ह्ये कलम तुमच्या वहीत हाय का न्हाई?"

"हाय, आबा."

"सगळ्या गावाला वाचून दावता. आमाला का न्हाई वाचलं?"

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही, एकदाही नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. कुत्रा माझ्या भावानं नेला होता, दिला मी होता. दोन खापरं माझ्या डोक्यावर फुटून झाली होती. तिसरं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फुटतंय म्हटल्यावर मी जीभ आवरली.

"वाचायचं ऱ्हायलं, आबा," चाचा म्हणाले. "चूक माझी हाय."

आबा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "मंग हितनं म्होरं आमच्या दारात वही आणू नका."

चाचांनी मान हलवली आणि गेले. माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं. आमच्या गाईंचे विमे त्या महिन्यापासून दुसऱ्याकडे गेले. मग भावकीतल्या आणखी तीन घरांचे गेले. आम्हा पाटलांचं कुत्रं नायचाचामुळं मेलं, हे वाडीत पक्कं झालं. मी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर चाचांची पद्धत बदलली. आधी ते नुसतं वाचायचे, कुणी नको म्हटलं तर वही मिटायचे. आता ते सोडेनात. एकेक कलम वाचून समोरच्याकडून म्हणून घ्यायला लागले, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. लोकांना वैताग यायचा. एकदा मी शेजारच्या कमलमावशींकडे आतल्या खोलीत वाटाणे सोलत होते, तेव्हा चाचा त्यांच्या शेळ्यांच्या विम्यासाठी आले.

"म्हणा, मावशी. दुसऱ्याच्या हाती दिली, तर नाय."

"आवं, कशापायी छळताय? तुमी सांगाल तितं आंगठा देते."

"न्हाई. एका घरी म्या वाचायचं सोडलं आन् एक मुकं जनावर गेलं. म्हणा तुमी."

एवढ्यात त्यांना दाराआड मी दिसले. त्यांनी नजर वहीत घातली. ते आमचंच घर हे मावशींना ठाऊक होतं, तरी खोचकपणे विचारलंच, "कुणाच्या घरी वं?"

"लांब," चाचा म्हणाले. "लई लांबचं गाव हाय ते."

मी वाटाणे सोलत राहिले. उठून बाहेर यायला चार पावलं लागली असती.

संधी काही एकदाच आली असं नाही. मंचरच्या बाजारात, औषधांच्या दुकानात, हायवेवर बस थांबते तिथं, चाचा भेटायचे. दर वेळी एकच विचारायचे, "सूनबाई, आबा चालतात का?" मी म्हणायचे, "चालतात की." आबा चालत नव्हते. ब्रूनो गेल्यावर ते टपरीपर्यंत एकदाही गेले नाहीत, ओट्यावरून गोठा आणि गोठ्यावरून ओटा एवढंच. चाचा मात्र ऐकून खूश व्हायचे आणि मी दुसरं खोटं बोलून घरी यायचे. त्यांची तब्येत उतरत चालली होती, स्कूटर जाऊन एसटी आली होती. तेही मला दिसत होतं.

चाचा गेल्याचं मला जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कळलं. दोन दिवस झाले होते. घरी बाजाराचं निमित्त सांगून मी जुन्नरला गेले. चाचींना मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक चणीच्या, डोळे सुजलेले. मी पेठची म्हटल्यावर त्यांनी हात धरून मला जवळ बसवलं.

"बुरनूवाली का?"

मी मान हलवली. मी सगळं ठरवून गेले होते. चाची, त्यांनी वाचायला घेतलं होतं, मीच थांबवलं, असं म्हणायचं होतं. मी "चाची, त्या दिवशी" एवढंच म्हटलं आणि त्याच बोलायला लागल्या.

"मला ठावं हाय, ताई. तुमी नको म्हणल्या ते सांगितलं व्हतं त्यांनी. पण तुमच्यावर कधी राग न्हाई केला. म्हणायचे, दहा बायांचा सैपाक तिच्या एकटीच्या अंगावर, तिला कुठली उसंत? उसंत मला व्हती. म्या बसून ऱ्हायला पायजे व्हतं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "शेवटपत्तर तेच घेऊन बसले व्हते."

मी माफी मागायला गेले होते आणि तिथं माझ्यावर कसला आरोपच नव्हता. चाचांनी तो माझ्या नावावर ठेवलाच नव्हता, स्वतःच्या जिवाला लावून घेतला होता. चाचींनी चहा दिला, मी तो प्याले. यापेक्षा त्यांनी मला दारातून हाकललं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले ती सरळ ओट्यावर गेले. आबा बसले होते. पोरं शाळेत, नवरा कामावर. मी खाली बसले आणि सांगितलं. भाकरीचं, पिठल्याचं, चाचांच्या पानातल्या बोटाचं, तांब्या घेऊन दारात उभी असतानाचं, सगळं. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "ते व्हते तवा कुठं गेली व्हती तुझी जीभ?"



त्यांनी गोठ्याकडे बघितलं. मग काठी टेकून उठले, तोल जाऊन पुन्हा बसले. मी हात द्यायला पुढं झाले तर त्यांनी हात झटकला.

"त्या माणसाला म्या दारातनं पाण्याबिगर वाटंला लावलं," ते म्हणाले. "आता म्या कुणाच्या पाया पडू, पोरी?"